महानगरात भाड्याची खोली : शोध आणि हिशेब

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या, की चिखलीच्या एस. टी. स्थानकावर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीपाशी वडील, मामा किंवा थोरला भाऊ उभा असतो. पत्र्याच्या पेटीची जागा आता चाकांच्या बॅगेने घेतली आहे. पण सोबतचे पिशवीतले ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी यांत मात्र बदल झालेला नाही. चिखलीला रेल्वे नाही. त्यामुळे देऊळगाव राजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर असा रात्रभराचा रस्ता धरून ही मुले पहाटे पुण्यात उतरतात. खिशात प्रवेशाचा कागद असतो. मात्र त्या रात्री पाठ कोठे टेकायची, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘तिकडे आपल्या ओळखीचा एक जण आहे’ एवढेच असते.

प्रवेश मिळणे आणि शहरात टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिल्या गोष्टीसाठी शाळा, महाविद्यालये आणि शासकीय यंत्रणा पुष्कळ मार्गदर्शन करतात. दुसरी गोष्ट मात्र दैवावर सोडलेली असते. तालुक्यातील एका माध्यमिक शिक्षकांनी मला सांगितले, की त्यांच्या एका विद्यार्थिनीस पुण्यात हवे तेथे प्रवेश मिळाला. पण पंधरा दिवसांत राहण्याची सोय लागेना, वडिलांची रजा आणि पैसे दोन्ही संपले, आणि ती परत आली. तिच्या गुणपत्रिकेत काही उणे नव्हते. उणीव माहितीची होती, आणि ती पुरविणे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या आवाक्यातील काम आहे, असे मला वाटते. याच हेतूने प्रस्तुत लेखात पुणे शहर डोळ्यांसमोर ठेवून भाड्याच्या खोलीचा विचार केला आहे.

गावाची खोली

परगावी आलेल्या माणसाने निवारा कसा शोधला, याचा इतिहास महाराष्ट्रात मोठा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि दाट वस्तीतील घरांचा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. त्यातून १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले व त्याच्या ‘बी. आय. टी.’ चाळी उभ्या राहिल्या. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे ‘बी. डी. डी.’ चाळी बांधण्यात आल्या. त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहिले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

परंतु या इतिहासातील अधिक उपयोगी धडा सरकारी इमारतींचा नाही. कोकणातून गिरणगावात आलेल्या कामगारांनी गावाच्या नावाने खोल्या धरल्या. एका खोलीत दहा-वीस माणसे, प्रत्येकाची एक वळकटी आणि एक ट्रंक. पाळीनुसार काही जण झोपत, तर काही कामावर असत. गोव्याच्या गावांनी मुंबईत अशाच सामाईक खोल्या चालविल्या, त्यांना ‘कूड’ म्हणत. जेवणासाठी खानावळी होत्या. त्या चालविणाऱ्या स्त्रियांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ या नावाने उभी केली. गावातून नव्याने येणाऱ्या तरुणास पत्ता विचारीत फिरावे लागत नसे. गावाचा पत्ता शहरात आधीच तयार असे.

पुण्यात विद्यार्थ्यांची परंपरा वेगळी. माधुकरी मागून व वार लावून जेवणाऱ्या मुलांचे ते शहर. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहे चालविली. त्याही आधी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून विद्यार्थी वसतिगृहांना आश्रय दिला, साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढले आणि आपल्या विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय उभे केले. शिक्षणाचा विचार करणाऱ्या या सर्वांनी शाळेइतकेच महत्त्व मुलाच्या अंथरुणाला दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

चिखली ते चिखली

आता पुण्याच्या नकाशाकडे वळू. नवख्या माणसास पुणे एकच वाटते. भाड्याच्या दृष्टीने मात्र तेथे अनेक पुणी आहेत, आणि कोणते आपल्यासाठी, हे आपले काम कोठे आहे यावर अवलंबून असते.

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे विद्यार्थी सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत राहतात. तेथे खोली नव्हे, तर खाट भाड्याने मिळते. ‘कॉट बेसिस’ हा तेथील रूढ शब्द. अभ्यासिका, खानावळ आणि खाट हे तिन्ही पायी चालण्याच्या अंतरात असल्याने जागा अपुरी असली, तरी बसभाडे लागत नाही. दक्षिणेस धनकवडी, कात्रज व आंबेगाव, तसेच सिंहगड रस्त्याच्या बाजूस वडगाव, नऱ्हे व धायरी या भागांत महाविद्यालयांच्या आधाराने विद्यार्थ्यांची वस्ती वाढली आहे. पश्चिमेस कोथरूड महाग झाले, की माणूस कर्वेनगर, वारजे आणि तेथून शिवणे, उत्तमनगरकडे सरकतो. पूर्वेस हडपसरपलीकडे मांजरी. अहिल्यानगर रस्त्यास वाघोली आणि चंदननगर. विदर्भ-मराठवाड्याची गाडी याच रस्त्याने शहरात शिरते, त्यामुळे आपल्याकडील माणसाला हा भाग पहिल्यांदा दिसतो आणि पुष्कळदा तो तेथेच थांबतो. काम हिंजवडीत असेल, तर ते थांबणे महागात पडते. शहर आडवे ओलांडण्यात दिवसाचे तीन तास सहज जातात.

कारखान्यात काम मिळालेल्या तरुणांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत भोसरी, मोशी, तळवडे आणि चिखली हे भाग आहेत. होय, तेथेही एक चिखली आहे. वारकरी संप्रदायात ती ‘टाळगाव चिखली’ म्हणून ओळखली जाते. १९९७ मध्ये हे गाव महापालिकेत आले. एका बाजूस भोसरीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस तळवडे आणि इंद्रायणीपलीकडे चाकण, अशा जागी असल्याने राज्यभरातील कामगार तेथे एकत्र राहतात. आमच्या चिखलीचा मुलगा त्या चिखलीतून गावी फोन करतो, तेव्हा ‘चिखलीतच आहे’ म्हणून घरच्यांचा गोंधळ करतो. हा विनोद आता जुना झाला आहे.

या नकाशात मेट्रोने काही फरक केला आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून निघणारी मार्गिका मार्च २०२२ मध्ये अंशतः सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंत पोहोचली. त्यामुळे कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, बोपोडी ही जुन्या वस्तीची ठिकाणे शिवाजीनगरच्या महाविद्यालयांना जवळ झाली. स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या आत, पण रस्त्याच्या आतल्या बाजूस असलेली जुनी घरे पाहावीत. स्थानकासमोरील नव्या इमारतींचे भाडे मेट्रोच्या आधीच वर चढलेले असते.

मुंबईबाबत एवढेच सांगणे पुरे, की तेथे वस्ती नव्हे, तर लोहमार्ग निवडायचा असतो. पश्चिमेस नालासोपारा-विरार, मध्य मार्गावर कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, हार्बरच्या टोकास पनवेल. काम ज्या मार्गावर असेल त्याच मार्गावर खोली घ्यावी. मध्ये गाडी बदलावी लागेल, तर भाड्यातील बचत थकव्यात जाते.

भाडे आणि प्रवास

स्वस्त खोली म्हणजे कमी भाड्याची खोली, ही समजूत सर्वांत आधी दूर केली पाहिजे. समजा, नव्या पेठेत खाटेस महिना ३,५०० रुपये पडतात आणि धायरीत तिघांत मिळून घेतलेल्या खोलीचा वाटा २,२०० रुपये येतो. हे आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत. वरकरणी धायरीत १,३०० रुपये वाचतात. परंतु पी. एम. पी. एम. एल. च्या बसचा सर्वसाधारण मासिक पास १ जून २०२५ पासून १,५०० रुपये झाला. म्हणजे धायरीची खोली ३,७०० रुपयांस पडली, आणि रोजचे दोन तास वेगळे. विद्यार्थ्यास सवलतीचा पास मिळत असेल, तर हाच हिशेब उलटा येईल. यास्तव प्रत्येकाने आपला हिशेब कागदावर मांडावा : भाडे, वीज, पाणी, प्रवास आणि जेवण, पाचही एकत्र. एकाच आकड्याकडे पाहून निर्णय घेतलेली मुले तीन महिन्यांनी खोली बदलताना दिसतात, आणि प्रत्येक बदलात दलालाची रक्कम नव्याने जाते. ही रक्कम बहुधा एक महिन्याच्या भाड्याइतकी असते.

शासकीय साहाय्याचा विचारही याच कागदावर करावा. मागासवर्गीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ २०१६-१७ मध्ये सुरू झाली. पुणे, मुंबई, नागपूर अशा महानगरांसाठी तीत वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यात आले : भोजनास ३२,०००, निवासास २०,००० आणि निर्वाहास ८,०००. अनुसूचित जमातींसाठी ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना’, इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना’ आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी ‘डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना’ आहे.

निवासाच्या २०,००० रुपयांना बारांनी भागले, तर महिन्यास सुमारे १,६६७ रुपये येतात. पुण्यात या रकमेत स्वतंत्र खोली मिळणार नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे. ती वाटणीच्या खोलीतील एका वाट्याची रक्कम आहे. तसेच अनुदान सत्रारंभी हाती पडेल, असे धरून चालू नये. अर्ज, छाननी, हजेरीचा दाखला यांत काळ जातो. पहिल्या तीन-चार महिन्यांची तजवीज घरून झालेली असावी, अन्यथा मंजूर झालेली रक्कम मुलगा गावी परतल्यावर खात्यात जमा होते. असे घडलेले मी पाहिले आहे.

पाणी आणि पूररेषा

शहराच्या कडेला भाडे कमी का, याचे उत्तर पुष्कळदा नळात सापडते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. धायरी व आंबेगाव पहिल्या यादीतील, तर वाघोली, नऱ्हे आणि नांदेड दुसऱ्या. हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनी तितक्या लवकर पोहोचत नाही. पुष्कळ इमारती टँकरवर चालतात आणि त्या टँकरचा खर्च ‘मेंटेनन्स’ या नावाने भाडेकरूकडे येतो.

प्रश्न केवळ खर्चाचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे अनेक रुग्ण आढळले, तेव्हा दूषित पाण्याकडे सर्वांचे लक्ष गेले. खोली पाहण्यास जाणाऱ्याने मालकास भाडे विचारण्यापूर्वी शेजाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : पाणी कोणाचे येते, किती वेळ येते, आणि पिण्यासाठी तुम्ही काय करता. शेजारी बाटलीबंद पाण्याचे जार घेत असेल, तर आपणासही ते घ्यावे लागतील.

नदीकाठच्या स्वस्त जागेबाबत अधिक सावध असावे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत तळमजले बुडाले. मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे असलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. त्यापूर्वी फेब्रुवारीत त्याच भागातील कुदळवाडीत अनधिकृत बांधकामांवर मोठी कारवाई झाली होती. पाडलेल्या घराची भरपाई मालकास मिळो वा न मिळो, भाडेकरूची अनामत रक्कम मात्र कोणाच्याच हिशेबात नसते.

अकरा महिन्यांचा कागद

भाडेविषयक कायद्याचा इतिहास थोडा तरी माहीत असावा, कारण मालकांच्या मनातील भीती त्यातून आलेली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधली. भाडेकरूस संरक्षण मिळाले, पण पागडीची पद्धत फोफावली आणि भाड्यासाठी नवी घरे बांधण्यात मालकांना रस उरला नाही. मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’, म्हणजे परवान्याने जागा वापरू देण्याची वाट काढली. तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. ‘एकदा आत घेतलेला माणूस बाहेर निघत नाही’ ही म्हण त्या पिढीने पुढच्या पिढीस दिली. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि परवान्याची मुदत संपल्यावर मालकास जागा परत मिळविण्याचा सुटसुटीत मार्ग त्यात आहे. मालकाने कराराला घाबरण्याचे कारण उरलेले नाही.

तरीही एक गैरसमज सर्वत्र दिसतो : अकरा महिन्यांचा करार असेल, तर नोंदणी लागत नाही, मुद्रांकावर नोटरीची सही पुरे. इतर राज्यांचे सोडा. महाराष्ट्रात या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार प्रत्येक करार, मग तो कितीही मुदतीचा असो, लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर शेकडा ०.२५ या दराने आकारतात. महिना १०,००० रुपये भाडे आणि ३०,००० रुपये अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारास ते तीनशे रुपयांच्या आत येते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. तिघांत वाटल्यास हा भार एका सिनेमाच्या तिकिटापलीकडे जात नाही. नोंदणी घरबसल्या संगणकावरही होते.

या कागदाचा विद्यार्थ्यास आणखी एक उपयोग आहे. स्वाधारसारख्या योजनेत भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. करार देण्यास नकार देणाऱ्या मालकाची खोली शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त असली, तरी तिच्यापायी अनुदान अडू शकते. भाड्याची पावती मागणे हाही हक्क आहे. ती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

हे मला फार उशिरा कळले. मी स्वतः शिकण्यासाठी पुण्यात आलो तेव्हा पहिल्या खोलीची अनामत रक्कम रोख दिली, पावती घेतली नाही, आणि खोली सोडताना भिंतीच्या रंगाचे कारण सांगून मालकाने ती सर्व ठेवून घेतली. वडिलांनी ते पैसे सोयाबीन विकून दिले होते. घरी मी त्यांना ‘मिळाले’ म्हणून सांगितले.

फसवणुकीचा आजचा प्रकार याहून वेगळा आहे. मोबाईलवर सुंदर खोलीची छायाचित्रे येतात, भाडे आश्चर्यकारक कमी असते, मालक स्वतःस लष्करी अधिकारी म्हणवितो आणि ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ आगाऊ रक्कम मागतो. अशा वेळी खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. रक्कम गेलीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आणखी एक अडचण कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते. आडनाव, धर्म, आहार विचारून खोली नाकारली जाते. सडेफटिंग मुलांना आणि एकट्या मुलींना तर अधिकच. हे योग्य नाही, पण ते घडते, आणि ज्या मुलावर घडते तो ते घरी सांगत नाही. अशा मुलास तीन वस्त्या पायी फिरून पाहा म्हणण्यापेक्षा, जेथे आधी आपल्या गावचा कोणी राहून गेला आहे असा एक पत्ता देणे अधिक उपयोगी असते.

नोंदवही

येथे गिरणगावातील गावाच्या खोलीची आठवण पुन्हा होते. आज तशी खोली धरणे प्रत्येक गावास शक्य नाही. मात्र तिची माहिती धरणे शक्य आहे. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. गावातून पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे गेलेल्या प्रत्येकाची, त्याच्या संमतीने, तीत नोंद असावी : वस्ती कोणती, काम किंवा शिक्षण कोठे, भाड्याचा वाटा किती, पाणी कसे, मालक करार करतो की नाही, आणि ती खोली केव्हा रिकामी होणार. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. विद्यार्थ्यांच्या खोल्या बहुधा मे-जूनमध्ये मोकळ्या होतात आणि दलालाच्या पाटीवर येण्यापूर्वीच हातोहात जातात. जाणारा मुलगा आणि येणारा मुलगा एकाच गावचे असतील, तर अनामत रक्कमदेखील मालकाच्या संमतीने एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते.

मुलींच्या नोंदी स्वतंत्र वहीत, शिक्षिकेच्या ताब्यात असाव्यात आणि त्यांचे पत्ते भिंतीवर लावू नयेत. वही दिवाळीच्या सुटीत भरणे सोयीचे, कारण तेव्हा सर्व जण गावी आलेले असतात. एप्रिलमध्ये एकदा प्रत्येकास फोन करून ती तपासावी. हे काम फार तर दोन दुपारींचे आहे. वहीची किंमत पन्नास रुपये.